लिथुआनियन पुढे आणि शोशोनी मागे, असं थेट लिहू नका

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नक्की कशाचं उत्तर देतोय ते कळेल. तुम्ही समाजशास्त्रात एमए करताय, प्रोजेक्टसाठी अमेरिकन जनगणना खात्याचे वंशनिहाय आकडे घेतलेत, त्यात लिथुआनियन वंशाच्या लोकांचं घरटी उत्पन्न, पदवीधरांचं प्रमाण, स्वतःचं घर असणाऱ्यांचं प्रमाण हे सगळं देशाच्या सरासरीच्या वर दिसतंय आणि शोशोनी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांचं सगळं खाली, गरिबी मात्र वर. आणि तुम्ही विचारताय की दोन्ही लहान समाज, दोघांनीही हाल काढलेत, मग एवढा फरक का, हे संस्कृतीमुळे म्हणायचं की शिक्षणामुळे?

मी गेली सोळा वर्षं इकडे अमेरिकेत सर्व्हेचा डेटा साफ करायचं आणि त्यावरून रिपोर्ट बनवायचं काम करतो, त्यातली बरीचशी आयडाहो आणि युटामध्ये गेली, त्यामुळे शोशोनी आकड्यांशी रोजचा संबंध आणि लिथुआनियन आकड्यांशी अधूनमधून. आकडे खोटे नाहीत हे आधीच सांगतो. फरक आहे आणि मोठा आहे. पण तुम्ही ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यात त्या एका जातकुळीच्या नाहीत, आणि संस्कृती की शिक्षण हे विचारायच्या आधी जमीन कोणाच्या नावावर होती आणि ती बँकेत गहाण ठेवता येत होती का, हे विचारायला पाहिजे. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकी खाली पसारा.

आधी "लिथुआनियन" म्हणजे कोण ते बघू. जनगणना खात्याचा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे दरवर्षी साधारण ३५ लाख पत्त्यांवर जातो. त्यात पूर्वजांबद्दल एक प्रश्न असतो, पुढे रिकामी जागा, वाटेल ते लिहा, त्यातली दोन उत्तरं धरली जातात. ना दाखला ना पुरावा. असं स्वतःला लिथुआनियन लिहिणारे सहा लाखांच्या आसपास लोक आहेत आणि त्यातले बहुतेक अमेरिकेतच जन्मलेले, तिसऱ्या-चौथ्या पिढीतले. माझ्या एका जुन्या ऑफिसात एक बाई होती, पणजोबा पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत, आईकडून आयरिश. ती फॉर्मवर लिथुआनियन लिहायची आणि तिचा सख्खा भाऊ आयरिश लिहायचा. ही अकाउंटंट, तो घरांची छपरं बसवायच्या कामावर. म्हणजे एकाच आईबापाची दोन मुलं, हिचा पगार लिथुआनियन खात्यात जमा आणि त्याचा आयरिश खात्यात. ज्याला पणजोबांचं गाव शोधायला वेळ आणि हौस आहे तो असं काही लिहितो, बाकीचे "अमेरिकन" लिहून मोकळे होतात, आणि वेळ-हौस असणारा माणूस सहसा जरा बऱ्या स्थितीतलाच असतो. वरच्या आकड्यात ही निवड आधीच शिरलेली आहे.

शिवाय जनगणना खातं धर्म मोजत नाही. लिथुआनियातल्या विल्निउसहून आलेल्या ज्यू कुटुंबाच्या नातवाने तिथे ज्यू लिहिलं तर ते उत्तर तक्त्यात येतच नाही, रशियन लिहिलं तर तो रशियन, लिथुआनियन लिहिलं तर लिथुआनियन. शंभर वर्षांपूर्वी वेगळी भाषा बोलणारे, वेगळ्या प्रार्थनाघरात जाणारे दोन समाज या एका ओळीत येऊन बसू शकतात.

आता शोशोनी. हे स्वतःला नेवे म्हणतात, म्हणजे माणसं. आणि हा एक समाज नाही, निदान प्रशासनाच्या दृष्टीने तरी नाही. वायोमिंगमध्ये विंड रिव्हरला ईस्टर्न शोशोनी, आयडाहोत फोर्ट हॉलला शोशोनी-बॅनॉक, नेवाडात टी-मोक आणि आणखी कितीतरी छोट्या वस्त्या, नेवाडा-आयडाहोच्या सीमेवर डक व्हॅली, डेथ व्हॅलीत टिंबिशा, आणि युटात नॉर्थवेस्टर्न बँड ज्यांची संख्या जेमतेम पाचशे-सहाशे. प्रत्येकाचं सरकार वेगळं, नोंदणीचे नियम वेगळे, उत्पन्नाचं साधन वेगळं. सगळे मिळून सर्व्हेत दहा-पंधरा हजारांची गोष्ट. म्हणजे सहा लाखांसमोर दहा-पंधरा हजार, आणि तुम्ही म्हणता दोन्ही लहान.

इथे माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका रिपोर्टसाठी मी एका काउंटीतल्या शोशोनी घरांचं मध्यम उत्पन्न (मीडियन) काढून टाकलं, छान बार चार्ट वगैरे. ट्राइबच्या ऑफिसात एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला, पेन्सिल घेतली आणि माझ्या तक्त्याच्या उजवीकडे एक नवीन कॉलम आखून वर लिहिलं, किती घरं? मला उत्तर माहीत होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. सॅम्पलमध्ये दोन आकडी घरं होती. आकड्याच्या खाली-वर जी चुकीची मर्यादा छापलेली असते, मार्जिन ऑफ एरर, ती उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी होती आणि चार्ट सुंदर दिसावा म्हणून मी ती काढून टाकली होती. मग त्या बाईंनी शांतपणे विचारलं, माझ्या घरी अकरा माणसं राहतात, फॉर्मवर सहाच आहेत, तू बाकीच्या पाच जणांचं काय केलंस?

हे नुसतं किस्सा म्हणून सांगत नाही. २०२० च्या जनगणनेत रिझर्व्हेशनवरच्या (मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या भूभागावरच्या) मूळनिवासी लोकांची गणना ५.६४ टक्क्यांनी कमी पडली असं खात्याच्याच तपासणीत निघालं. भाचा तात्पुरता राहायला आलाय, मुलगी बाळंतपणाला आलीय आणि दोन वर्षं झाली, अशांना फॉर्मवर कोण लिहितो? आपल्याकडेही रेशनकार्डावरची माणसं आणि ताटावर बसणारी माणसं वेगळी असतात, तसंच.

दुसरा एक सापळा, ज्यात अनुभवी लोकही अडकतात. शोशोनींचे थेट आकडे मिळत नाहीत म्हणून रिझर्व्हेशनचे आकडे वापरतात. विंड रिव्हरच्या हद्दीत साधारण २६-२७ हजार लोक राहतात पण त्यातले निम्म्याहून जास्त मूळनिवासी नाहीतच, कारण १९०५ नंतर त्या जमिनीचा मोठा भाग गोऱ्या वसाहतवाल्यांना खुला केला आणि रिव्हर्टन शहर तिथेच उभं राहिलं. आणि जे मूळनिवासी आहेत त्यात नॉर्दर्न अरापाहो या दुसऱ्या जमातीचे लोक शोशोनींपेक्षा जास्त, त्यांना सरकारने १८७८ मध्ये तिथे आणून बसवलं, जुने वैरी असून. त्यामुळे "विंड रिव्हरचं सरासरी उत्पन्न" हा आकडा शोशोनींचा नाही, कोणाचाच नाही.

मोजमापाचे अजून दोन-तीन खड्डे पटकन सांगतो. विमा नसलेल्यांचं प्रमाण शोशोनींमध्ये जास्त दिसेल, पण ज्याला फक्त इंडियन हेल्थ सर्व्हिसचा (मूळनिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेचा) दवाखाना आहे त्याला सर्व्हे "विमा नाही" असंच धरतो. म्हणजे सेवा चांगली आहे असं नाही हं, निधी कायम अपुरा असतो, पण दवाखाना आहे. तसंच सरकारशी झालेल्या १८६८ च्या करारातला शिकारीचा हक्क अजून चालू आहे, त्याच हक्कात मासेमारीही येते असं आयडाहोच्या सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये सांगितलं, तर फ्रीझरमध्ये पडलेलं एल्क हरणाचं मांस आणि सामन मासा उत्पन्नात कुठेच दिसत नाही. वय पण बघा, लिथुआनियन गटाचं मध्यम वय चाळिशीच्या पुढे आणि शोशोनींचं बरंच कमी, त्यामुळे माणशी उत्पन्न काढलं की मुलंबाळं जास्त असणाऱ्या गटाचा आकडा आपोआप खाली येतो. आणि कृपा करून लिथुआनिया देशाचे आकडे यात मिसळू नका, तुमच्या मसुद्यात एका ठिकाणी ते झालंय. युरोपात देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली असलात तर गरिबीच्या धोक्यात धरतात, अमेरिकेची अधिकृत गरिबीरेषा ही साठच्या दशकातल्या किराणाखर्चाच्या तिप्पट यावरून आलेली आणि महागाईप्रमाणे वाढवत नेलेली ठरावीक रक्कम आहे. दोन फूटपट्ट्याच वेगळ्या.

बरं, हे सगळं वजा केलं तरी फरक उरतोच. तो का, यावर आता मुख्य बोलतो.

लिथुआनियन लोक साधारण १८६० च्या दशकाच्या शेवटापासून पहिल्या महायुद्धापर्यंत आले, रशियन साम्राज्यातले गरीब शेतकरी, बहुतेकांना इंग्रजीचा गंध नाही. पेनसिल्व्हेनियाच्या खाणी, शिकागोचे कत्तलखाने आणि मांसाचे कारखाने, घाण आणि जीवघेणं काम. त्यांना कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या, १९२४ च्या कायद्याने तर लिथुआनियाचा वर्षाचा कोटा ३४४ माणसांवर आणला. पण शिकागोत त्यांनी चर्च, शाळा, वर्तमानपत्र यांच्याबरोबर एक गोष्ट केली, आपापल्या बचत आणि गृहकर्ज संस्था काढल्या. आपल्या पतपेढीसारखंच, ओळखीच्या माणसांनी पैसे टाकायचे आणि ओळखीच्या माणसाला घरासाठी कर्ज द्यायचं. कत्तलखान्यातला मजूर घरमालक झाला तो या वाटेने. मग १९४४ चा माजी सैनिकांसाठीचा कायदा आला, शिक्षण आणि स्वस्त गृहकर्ज, त्यांची मुलं त्यात बसली. १९४८ च्या निर्वासितांच्या कायद्याखाली आणखी ३० हजारांच्या आसपास लिथुआनियन आले आणि या खेपेत डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर भरपूर होते, म्हणजे सरासरी वर ढकलणारी माणसं बाहेरून तयार होऊन आली. त्याच लोंढ्यातला एक इंजिनिअर वाल्दास आदाम्कुस, शिकागोत पर्यावरण खात्यात मोठा अधिकारी झाला आणि पुढे १९९८ मध्ये लिथुआनियाचा राष्ट्राध्यक्ष.

आणि एक कडू गोष्ट पण लिहा, टाळू नका. शिकागोच्या मार्केट (Marquette) पार्क भागात लिथुआनियन वस्ती दाट होती, तिथे ५ ऑगस्ट १९६६ ला मार्टिन ल्यूथर किंग कृष्णवर्णीयांना घरं मिळावीत म्हणून मोर्चा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या डोक्यात दगड बसला. कोणी मारला याचा वंश मी सांगत नाहीये, जमावात सगळे होते. पण ज्या घरांच्या किमती वाढून या कुटुंबांची पुंजी झाली ती घरं सगळ्यांना विकत मिळत नव्हती. गोरं धरलं जाण्याचा फायदा कुठल्याही तक्त्यात कॉलम म्हणून येत नाही.

आता त्याच काळात शोशोनींकडे काय चाललं होतं ते बघा. २९ जानेवारी १८६३ ला आजच्या आयडाहोतल्या प्रेस्टनजवळ बेअर नदीवर लष्कराने पहाटे हिवाळी तळावर हल्ला केला, अडीचशेच्या वर माणसं मारली, काही अंदाजांत चारशेपर्यंत, बायकामुलांसकट. त्यानंतर करार. फोर्ट हॉलचं रिझर्व्हेशन सुरुवातीला १८ लाख एकर ठरलं, १८७२ मध्ये मोजणीतच चूक झाली आणि ते १२ लाखांवर आलं, मग रेल्वे, मग पोकाटेलो शहर, आज उरलेत सुमारे ५ लाख ४४ हजार एकर. मोजणीवाल्याच्या चुकीत सहा लाख एकर जाणं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला मी समजावून सांगायची गरज नाही.

पण खरं दुखणं गेलेल्या जमिनीपेक्षा उरलेल्या जमिनीचं आहे, आणि हे मराठी वाचकाला इतर कोणापेक्षा लवकर कळेल. १८८७ च्या डॉज कायद्याने जमीन माणशी वाटून दिली पण मालकी सरकारने विश्वस्त म्हणून स्वतःकडे ठेवली. मूळ माणूस मेला, मृत्युपत्र नाही, वारस आठ. ते गेले, त्यांचे वारस चाळीस. आज एकेका तुकड्यावर शंभर-शंभर नावं आहेत, आणि तो तुकडा कसायचा, भाड्याने द्यायचा, घर बांधायचं तर बऱ्याच जणांच्या सह्या गोळा करा आणि वर केंद्र सरकारच्या खात्याची मंजुरी घ्या. तुमच्या सातबाऱ्यावर पाच चुलत्यांची नावं असली की काय होतं ते आठवा आणि त्याला वीसने गुणा, वर तहसीलदार दोन हजार मैलांवर वॉशिंग्टनमध्ये बसलाय असं समजा.

अशी जमीन बँक गहाण घेत नाही, कारण जप्त करता येत नाही. म्हणून तोच १९४४ चा कायदा, तोच गणवेश, तेच युद्ध, पण लढून आलेल्या लिथुआनियन पोराला शिकागोत घराचं कर्ज मिळालं आणि फोर्ट हॉलच्या पोराला ट्रस्टच्या जमिनीवर मिळालं नाही. माजी सैनिक खात्याची खास ट्रस्ट जमिनीसाठीची कर्जयोजना आली १९९२ मध्ये. अठ्ठेचाळीस वर्षं. घर हीच अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची बचत, तर दोन पिढ्यांची बचत इथे राहिली.

फोर्ट हॉलला गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवेगार बटाट्याचे मळे दिसतात, आयडाहोचा बटाटा जगप्रसिद्ध आहेच, पण त्या शेतांचा मोठा हिस्सा बाहेरच्या शेतकऱ्यांना लीजवर दिलेला. मालकांना भाडं मिळतं, तेही शंभर जणांत वाटून, एखाद्याच्या नावे वर्षाला काही डॉलरचा चेक. ट्रॅक्टर, पाण्याचे पिव्होट, कोल्ड स्टोरेज, यातला नफा दुसरीकडे. हे आळसामुळे झालं असं म्हणणारे मला भेटलेत. मी त्यांना विचारतो, शंभर सह्या आणून दाखवता?

विंड रिव्हरचं वेगळं, तिथे तेल आणि गॅस आहे, रॉयल्टीतून सदस्यांना माणशी पैसे मिळतात. ऐकायला बरं वाटतं पण तेलाचा भाव पडला की घरखर्च पडतो. आणि नेवाडाचं तर तिसरंच. १८६३ चा रुबी व्हॅलीचा करार हा मैत्रीचा होता, आम्ही जमीन दिलीच नाही असं वेस्टर्न शोशोनींचं म्हणणं. मूळनिवासींच्या जमिनीच्या दाव्यांचा निवाडा करणाऱ्या सरकारच्या क्लेम्स कमिशनने १८७२ च्या भावाने २ कोटी ६० लाख डॉलर ठरवले, १९७९ मध्ये ते सरकारी खजिन्यात त्यांच्या नावे जमा झाले, आणि बऱ्याच जणांनी ते घ्यायला नकार दिला. त्याच जमिनीतून अमेरिकेचं बहुतेक सोनं निघतं आणि त्याच जमिनीवर अणुचाचण्या झाल्या. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, पैसे खजिन्यात जमा झाले म्हणजे तुम्हाला पोचले. २००४ मध्ये वाटपाचा कायदा झाला तोवर व्याजासकट रक्कम १४ कोटींच्या वर गेली होती. गरिबीचा तक्ता बघताना हे लक्षात ठेवा, त्या तक्त्यातली काही घरं अशी आहेत ज्यांनी आलेला पैसा पंचवीस वर्षं शिवला नाही. याला अर्थशास्त्रात कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा.

आता तुमच्या "संस्कृती"वर येतो. कुठली संस्कृती? अमेरिकेतल्या लिथुआनियन लोकांनी भाषा तिसऱ्या पिढीपर्यंत जवळजवळ टाकलीच. गंमत म्हणजे त्यांच्या मायदेशी रशियाने १८६४ ते १९०४ लॅटिन लिपीतली लिथुआनियन छपाई बंद केली तेव्हा लोकांनी पोत्यांतून पुस्तकं सीमेपलीकडून आणली, एवढी ती प्रिय. आणि सुंदर भाषा आहे हो, स्वप्नाला साप्नास म्हणतात, आपल्या खेड्यातल्या सपानाची सख्खी बहीण. पण शिकागोत ती गेली आणि त्यांचं उत्पन्न काही घटलं नाही. शोशोनी मुलांच्या तोंडातून भाषा निवासी शाळांनी जबरदस्तीने काढली, आणि त्यांचं उत्पन्न काही वाढलं नाही. म्हणून भाषा-रीतिरिवाजावरून उत्पन्न समजावणं मला कधी पटलं नाही.

शिक्षणाचा भाग खरा आहे, नाकारत नाही. पण तिथेही एक गळती आहे, पदवी घेतलेली मुलगी नोकरीसाठी बॉयसीला किंवा सॉल्ट लेकला जाते आणि रिझर्व्हेशनच्या तक्त्यातून नाहीशी होते. तक्ता म्हणतो इथे पदवीधर कमी.

आणि सगळंच रडगाणं लिहू नका, ते अर्धवट होईल. फोर्ट हॉलचा कसिनो आहे, ट्राइबचं सरकार हा आसपासचा मोठा रोजगारदाता आहे, १९९० चा पाणीवाटप करार त्यांनी मिळवला. पोकाटेलोच्या विद्यापीठात शोशोनी भाषेचे वर्ग चालतात. पाचशे-सहाशे माणसांच्या त्या नॉर्थवेस्टर्न बँडने २०१८ मध्ये बेअर नदीवरच्या हत्याकांडाच्या जागेतली सुमारे ५५० एकर जमीन विकत घेतली. विकत, पैसे मोजून.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? लिथुआनियन विरुद्ध शोशोनी ही जोडी सोडली असती. फोर्ट हॉल घेतलं असतं आणि त्याला लागून असलेल्या बॅनॉक आणि बिंगहॅम काउंटीतल्या गैर-मूळनिवासी घरांशी तुलना केली असती, हवामान तेच, बटाटा तोच, बाजार तोच, फरक फक्त जमिनीच्या मालकीच्या प्रकाराचा. लिथुआनियन हवेच असतील तर शिकागोतल्या पोलिश लोकांशी ताडून बघा. आणि गाइडने जोडी बदलू दिली नाही, जे होतं, तर निदान सर्व्हेची एक वर्षाची फाइल वापरू नका, पाच वर्षांची घ्या, वयोगट समान करून मग उत्पन्न काढा, घरटी आणि माणशी दोन्ही दाखवा, फोर्ट हॉल, विंड रिव्हर आणि नेवाडा या तीन ओळी वेगळ्या ठेवा. मार्जिनचा कॉलम ठेवा, आणि त्याच्या उजवीकडे अजून एक आखा, किती घरं.